जंतू अजून अंगात आहेत, मग शरीर ‘पुरे’ का म्हणतं?

दवबिंदू

नमस्कार मंडळी. वर्षभर मनात घोळत असलेला प्रश्न आज मांडतेय.

मागच्या वर्षी बाबांना जिवाणूंचा मेंदूज्वर झाला. सकाळी डोकं दुखतंय म्हणाले, संध्याकाळपर्यंत मान वाकेना, रात्री ते मला ओळखत नव्हते. पाठीच्या कण्यातून पाणी काढलं ती नळी माझ्यासमोरून नेली. हे पाणी नितळ असायला हवं, एवढं मला माहीत होतं. बाबांचं इतकं गढूळ होतं की नळी धरलेल्या नर्सची बोटं पलीकडून पुसट दिसत होती.

निकालाची वाट न बघता डॉक्टरांनी दोन इंजेक्शनं मागवली. एक प्रतिजैविक, दुसरं डेक्सामेथासोन, म्हणजे स्टिरॉइड. आणि स्टिरॉइड आधी दिलं! मी तिथेच विचारलं, “अहो, त्याने प्रतिकारशक्ती कमी होते ना?” त्यांना थांबायला वेळ नव्हता. “जंतूंइतकीच ही सूज त्यांना मारतेय,” एवढंच बोलून ते आत गेले.

बाबा वाचले. उजव्या कानाने कमी ऐकू येतं, बाकी ठणठणीत आहेत. पण नंतर वाचताना कळलं की असे दाह शमवणारे संकेत शरीर स्वतःही पाठवतं, आणि तेही जंतू अंगात जिवंत असताना. शत्रू दारात असताना स्वतःच्याच सैन्याला ‘आवरा’ सांगायचं, हे कसं काय? जाणकारांनी समजावून सांगावं.

उंबरठा

उत्तम धागा. वाखू साठवली आहे. काकांच्या तब्येतीला शुभेच्छा.

पिपेटवाली

माझं रोजचं काम हेच आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

मॅक्रोफेज नावाच्या पेशी ऊतींमध्ये मुक्कामी असतात. जंतू दिसला की बहुधा पहिली हाक त्याच देतात. त्या हाकेतला मुख्य शब्द टीएनएफ नावाचं प्रथिन. त्याने रक्तवाहिन्या सैल पडतात आणि न्यूट्रोफिल पेशी रक्तातून बाहेर पडून जागेवर धावतात. न्यूट्रोफिल जंतू गिळतात, शिवाय आजूबाजूला विकरं आणि क्लोरीनयुक्त जहाल द्रव्यं ओततात. ती द्रव्यं आपलं-परकं बघत नाहीत. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

आता प्रयोगशाळेतलं एक दृश्य. ताटलीत नुसते मॅक्रोफेज वाढवायचे, दुसरी कुठलीही पेशी नाही. त्यांच्यावर जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड घालायचं आणि ठरावीक तासांनी वरचा द्रव काढून ठेवायचा. मोजणी रंगावर होते. ९६ बारीक खड्ड्यांची पट्टी असते. खड्डा आधी निळा होतो, वरून आम्ल सोडलं की पिवळा. जितका गडद, तितका पदार्थ जास्त. पहिल्या काही तासांच्या नमुन्यांत टीएनएफची रांग पिवळीजर्द असते आणि तिच्या शेजारची रांग पाण्यासारखी. रात्रभर थांबलेल्या नमुन्यात चित्र उलटतं. शेजारची रांग पिवळी होते आणि टीएनएफ उतरलेलं दिसतं.

ती शेजारची रांग म्हणजे इंटरल्यूकिन-१०, आमच्या भाषेत आयएल-१०. त्याला अडवणारी प्रतिपिंडं ताटलीत आधीच घालून ठेवली, तर टीएनएफ उतरायचं नाव घेत नाही. मी हे कित्येकदा केलंय, तरी त्या दोन रांगा शेजारी ठेवून बघताना प्रत्येक वेळी थांबायला होतं. बाहेरून कोणी काही सांगितलेलं नाही. ज्या पेशीने आरोळी ठोकली, तीच काही तासांनी ‘पुरे’ म्हणते, आणि दोन्हीचं कारण एकच, तोच जंतूचा तुकडा.

कोजागिरी

म्हणजे मॅक्रोफेज अगदी आमच्या आईसारखा. घर डोक्यावर घेणार तीच आणि “आता झालं ना, चला गप झोपा” म्हणणारही तीच :)

जुनाजाणता

माहिती चांगली आहे, पण मला हा सगळा कल धोक्याचा वाटतो. दाह हे शरीराचं शस्त्र आहे. १८८२ साली मेसिनाला मेचनिकॉफने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी त्याभोवती पेशी गोळा झालेल्या पाहिल्या. त्या निरीक्षणातून जे उभं राहिलं त्याला १९०८ साली नोबेल मिळालं, एर्लिखबरोबर वाटून. पेशींची ही धाव म्हणजे संरक्षण, हे त्याने जगाला पटवलं. आज ताप आला की गोळी, सूज आली की गोळी. शरीर बोलतंय तर त्याचं तोंड दाबायचं, हे मला पटत नाही. जंतू मेल्यावर दाह आपोआप विझतो. मधे हात घालायचं कारण काय?

रात्रपाळी

जुनाजाणता, तुमच्या काळजीत तथ्य आहे, पण कवटीच्या आत हा हिशेब वेगळा पडतो. पायाला सूज आली तर कातडी ताणते. कवटी ताणत नाही. आतला दाब वाढला की मेंदूचा रक्तपुरवठाच अडतो.

दवबिंदू, मी अतिदक्षता विभागात काम करतो, म्हणून तुमच्या प्रश्नातला ‘आधी’ हा शब्द घेतो. प्रतिजैविकाने जिवाणू फुटतात आणि त्यांच्या भिंतीचे तुकडे मेंदूभोवतीच्या पाण्यात एकदम पसरतात. मॅक्रोफेजना मेलेला जंतू आणि जिवंत जंतू यातला फरक त्या क्षणी फारसा कळत नाही, तुकडे दिसले की त्या हाक देतात. म्हणजे आमचं औषधच दाहाची एक लाट उठवतं. आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत १९८० च्या दशकातच दिसलं होतं की डेक्सामेथासोन लिपोपॉलिसॅकराइडच्या आधी पोचलं तर टीएनएफ बनू देत नाही. पेशी एकदा पेटल्यावर पोचलं तर तितकं जमत नाही. म्हणून पहिल्या प्रतिजैविकाच्या १५-२० मिनिटं आधी किंवा निदान त्याच्याबरोबर, १० मिलिग्रॅम, पुढे दर सहा तासांनी, चार दिवस.

२००२ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी युरोपातल्या ३०१ प्रौढ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. मृत्यू १५ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. न्यूमोकॉकस हा जंतू असलेल्यांत ३४ वरून १४ वर.

दवबिंदू

बाबांना न्यूमोकॉकसच होता. ३४ आणि १४ हे आकडे वाचून काही वेळ नुसती बसून राहिले. धन्यवाद, रात्रपाळी.

ससंदर्भ

पूर्ण चित्र यावं म्हणून भर घालतो. २००७ साली मलावीतल्या प्रौढांवरच्या चाचणीत डेक्सामेथासोनचा काहीही फायदा दिसला नाही. तिथले बहुसंख्य रुग्ण एचआयव्हीबाधित होते आणि बरेचसे उशिरा पोचलेले. म्हणजे तेच औषध, तोच आजार, पण ज्याला आवरायचं ती फौजच वेगळ्या अवस्थेत. ‘स्टिरॉइड चांगलं की वाईट’ असा प्रश्न विचारून उत्तर मिळणार नाही.

रात्रपाळी

@ससंदर्भ, शंभर टक्के सहमत. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाला शरीराचा प्रतिसाद बेताल होऊन जिवावर बेततं तेव्हा, आम्ही हा धडा फार महागात शिकलो. १९९० च्या दशकात वाटलं होतं की टीएनएफ अडवलं की रुग्ण वाचतील, कारण उंदीर वाचत होते. माणसांवरच्या चाचण्या एकामागून एक निष्फळ ठरल्या. एकीत तर टीएनएफ अडवणाऱ्या औषधाची जास्त मात्रा मिळालेल्यांत मृत्यू वाढले. उंदराला आधी औषध आणि मग विष अशा क्रमाने दिलेलं असतं. माणूस दवाखान्यात येतो तोवर पहिली लाट येऊन गेलेली असते.

पुढची अवस्था नातेवाइकांना समजावणं मला सगळ्यात जड जातं. ताप उतरलाय, रक्तदाब सावरलाय, आणि आठव्या-दहाव्या दिवशी एरवी निरुपद्रवी असलेला जंतू फुफ्फुसात घर करतो. शरीराचा ‘पुरे’ जरुरीपेक्षा मोठा झालेला असतो. रक्तातल्या मोनोसाइट पेशींवर एचएलए-डीआर नावाचं प्रथिन असतं, जंतूचा तुकडा इतर पेशींना दाखवायचा फलकच म्हणा ना. या रुग्णांत ते फलक खाली उतरलेले असतात. पेशी आहेत, पण बोलत नाहीत.

उंबरठा

एक भाबडा प्रश्न. आयएल-१० मुळातच नसलेला प्राणी तयार करता येत नाही का? मग कळेलच की त्याचं काय होतं.

पिपेटवाली

भाबडा नाही, नेमका हाच प्रश्न १९९३ साली जर्मनीतल्या गटाने विचारला. (आयएल-१० चा शोध १९८९ चा, तेव्हा त्याचं नाव होतं ‘सायटोकाइन बनू न देणारा घटक’. सायटोकाइन म्हणजे टीएनएफसारखी, पेशींनी एकमेकींना निरोप द्यायची प्रथिनं.) जनुक काढलेले उंदीर जन्मले, वाढले, आणि मग त्यांच्या आतड्यांना कायमची सूज आली. तेच उंदीर पूर्ण जंतुरहित ठेवले तर आतडी ठीक राहतात. म्हणजे त्यांना आजारी पाडत होते ते रोजचे, पोटात सुखाने नांदणारे जिवाणू.

माणसांतही हे आढळलं. २००९ साली आयएल-१० च्या ग्राहकात, म्हणजे पेशीवरच्या तो संकेत ऐकणाऱ्या प्रथिनात, दोष असलेल्या लहान मुलांचं वर्णन आलं. जन्मानंतर काही महिन्यांतच आतड्यांचा भयंकर दाह, नेहमीच्या औषधांना दाद नाही. एका मुलाला दुसऱ्याच्या मूळपेशी दिल्या आणि आजार आटोक्यात आला. आतडं त्याचंच होतं. बदलल्या त्या रक्तपेशी, ज्यांना ‘पुरे’ ऐकू येत नव्हतं.

पण थांबा, जुनाजाणतांच्या बाजूचाही पुरावा आहे. याच आयएल-१० नसलेल्या उंदरांना लिस्टेरियाचा संसर्ग केला तर ते साध्या उंदरांपेक्षा लवकर जंतू साफ करतात. न्यूमोकॉकसच्या न्यूमोनियात उंदराच्या फुफ्फुसात वरून आयएल-१० दिलं तर जंतू वाढतात आणि उंदीर लवकर मरतो. आणि मला सगळ्यात बोलका वाटणारा प्रयोग म्हणजे पोटातल्या ई. कोलाय संसर्गाचा. आयएल-१० नसलेल्या उंदरांनी जंतू जास्त झपाट्याने हटवले, पण त्यांच्या अवयवांची हानीही जास्त झाली.

लढाई जिंकली, घर गेलं. दवबिंदू, तुमच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर या एका प्रयोगात आहे. शरीर जंतू मोजत बसत नाही. जंतू किती मेले आणि स्वतःचं किती जळलं, या दोन्हींवर मिळून जीव वाचतो. म्हणून ‘पुरे’चा संकेत जंतू संपायची वाट बघत नाही.

शब्दवेडा

अवांतर: ‘दाह’ शब्दावर थोडं. पहिल्या शतकात रोममध्ये सेल्ससने याची चार लक्षणं लिहून ठेवली: लाली, सूज, उष्णता, वेदना. आपला ‘दाह’ त्यातली फक्त उष्णता पकडतो आणि ‘शोथ’ फक्त सूज. दोन्ही अर्धे. आणि ‘प्रतिदाहक संकेत’ म्हटलं की काहीतरी औषधाच्या बाटलीवरचं वाटतं. या धाग्यापुरता ‘आवरसंकेत’ कसा वाटतो?

कोजागिरी

आवरसंकेत! +१. आवडला, आजपासून घरातही वापरणार.

पिपेटवाली

फार सुंदर शब्द. प्रयोगशाळेतल्या मुलांना सांगते उद्या.

चाफेकळी

इतके दिवस वाचनमात्र होते, हा धागा बघून खाते उघडलं.

मला सांध्यांचा आजार आहे. टीएनएफ अडवणारी इंजेक्शनं सुरू झाली आणि चार वर्षांनी पहिल्यांदा बाटलीचं झाकण माझं मी उघडलं. त्या दिवशी रडले होते. वर्षाच्या आतच रात्री घाम, वजन उतरणं, आणि मानेत गाठी. क्षयरोग. कधी काळी शिरलेले जंतू शरीराने पेशींच्या कोंडाळ्यात बंद करून ठेवलेले असतात आणि त्या कोंडाळ्याची भिंत टिकवायला टीएनएफ लागतं, हे तेव्हा कळलं. २००१ सालीच अशा ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली होती. आता इंजेक्शनाआधी सुप्त क्षयाची तपासणी करतात. माझी राहून गेली.

खरी गंमत पुढे आहे. क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या, इंजेक्शन थांबवलं, आणि गाठी विरायच्या ऐवजी आधीपेक्षा मोठ्या झाल्या! मला वाटलं औषध लागू पडत नाही. डॉक्टर म्हणाले, जंतू मरताहेत, पण बांधून ठेवलेली तुमची फौज एकदम सुटलीय. मग थोडे दिवस स्टिरॉइड. म्हणजे एकाच आजारात आधी आवर जास्त झाला म्हणून आजारी पडले आणि मग कमी पडला म्हणून.

जुनाजाणता

चाफेकळी, तुमचा अनुभव वाचून गप्प झालो. मेंदूज्वराबद्दल रात्रपाळींचं म्हणणं मान्य करतो. पण तापाच्या गोळीबद्दल माझं मत कायम आहे.

रात्रपाळी

तापाबद्दल तुम्ही निम्मे बरोबर आहात :) २०१५ मधली साधारण ७०० रुग्णांची चाचणी आहे. संसर्गाचा संशय आणि ताप असलेल्या अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना पॅरासिटामॉल दिलं. ना मृत्यू कमी झाले, ना वाढले. अंग दुखतंय म्हणून घ्यायला हरकत नाही, जंतू मरतील म्हणून घेऊ नये. शिवाय पॅरासिटामॉल ताप उतरवतं, दाहावर त्याचा फारसा जोर नाही. या धाग्यातल्या आवरसंकेतांशी त्याची गल्लत नको.

पांथस्थ

मी कुष्ठरोगाच्या कामात वीस वर्षं आहे, डॉक्टर नाही. पण हा विषय मी रोज हाताने तपासतो, अक्षरशः.

एकाच जंतूने दोन टोकांची माणसं येतात. एकाच्या अंगावर एखाद-दुसरा चट्टा, जंतू शोधून सापडत नाहीत, पण कोपरामागची नस दोरीसारखी जाड. दुसऱ्याच्या कातडीत जंतूच जंतू, तरी म्हणतो मला काही त्रास नाही. १९९१ साली या दोन प्रकारच्या चट्ट्यांची तुलना झाली, तेव्हा दुसऱ्या टोकाला आयएल-१० जास्त सापडलं. तिथे जणू कायमचा ‘पुरे’ लागलेला.

खरी परीक्षा उपचार सुरू झाल्यावर. रिफाम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफाझिमिन चालू असतात, जंतू मरत असतात, आणि एके सकाळी माणूस येतो: चट्टे लालभडक, कोपर धरलेलं. मी त्याच्या करंगळी आणि शेजारच्या बोटामध्ये कागद धरायला देतो आणि हलकेच ओढतो. मागच्या महिन्यात हाच कागद ओढून निघत नव्हता. आज सहज निसटला. मग बॉलपेनचं टोक तळहाताला टेकवतो, डोळे मिटून बोट ठेवायला सांगतो. करंगळीखाली टेकवलं तर त्याला कळतच नाही. तो घाबरून विचारतो, “गोळ्या बंद करू का?” नाही. गोळ्या चालूच, आणि सोबत प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइड, त्याच दिवशी. नस जंतूने जेवढी खाल्लेली नसते तेवढी या दाहाने जाते. आठवडे वाया गेले तर बोटं वाकडी होऊन बसतात.

जुन्या पिढीकडून ऐकलेली गोष्ट: १९६० च्या दशकात जेरुसलेममध्ये शेस्किन नावाच्या डॉक्टरांनी कुष्ठरोगाच्या दुसऱ्या एका तीव्र प्रतिक्रियेतल्या रुग्णाला नुसती झोप लागावी म्हणून थॅलिडोमाइड दिलं, आणि प्रतिक्रियाच ओसरली. ते टीएनएफ कमी करतं हे १९९१ साली कळलं. गर्भारपणात ते कधीही, कधीही द्यायचं नसतं, हे लिहिल्याशिवाय या औषधाचं नाव घेऊ नये.

दवबिंदू

पांथस्थ, तो कागद निसटल्याचं वाचून अंगावर काटा आला.

ससंदर्भ

जंतूंनीही आवरसंकेत ओळखलेत, हे राहिलं. यर्सिनिया गटातल्या जिवाणूंचं (प्लेगचा जंतू यातलाच) एक प्रथिन पेशीला आयएल-१० बनवायला लावतं. एपस्टाइन-बार विषाणूने तर आयएल-१० सारखं जनुकच बाळगलंय. आपलंच कुलूप, किल्ली त्यांच्याकडे.

पिपेटवाली

आणि जुनाजाणतांचं एक वाक्य माझ्या मनात अडकलंय, “जंतू मेल्यावर दाह आपोआप विझतो.” दीर्घकाळ सगळेच असं मानत होते. पण तो विझत नाही, विझवला जातो. १९८४ साली सेरहान आणि सॅम्युएलसन यांनी लिपॉक्सिन ही स्निग्ध रेणूंची जात वर्णन केली. दाह सुरू करायला मदत करणारं प्रोस्टाग्लँडिन ई२ हेच पुढे न्यूट्रोफिलना लिपॉक्सिन बनवायला लावतं, आणि लिपॉक्सिन नव्या न्यूट्रोफिलना येऊ देत नाही.

गळू बघा. आतला पू म्हणजे बहुतांशी मेलेले आणि मरू घातलेले न्यूट्रोफिल. शिस्तीत मरणारा न्यूट्रोफिल आपल्या आवरणाच्या आतल्या बाजूचा एक रेणू बाहेर उलटवतो, ‘मला उचला’ अशी खूण म्हणून. मॅक्रोफेज त्याला अख्खा गिळतो, आतलं जहाल काही सांडू न देता. आणि असा न्यूट्रोफिल गिळला की तोच मॅक्रोफेज टीएनएफ कमी आणि टीजीएफ-बीटा व आयएल-१० जास्त सोडायला लागतो. उचलायला मेलेले साथीदार आहेत, हीच त्याच्यासाठी बातमी.

जुनाजाणता

‘विझवला जातो’. दुरुस्ती मनापासून स्वीकारली. मेचनिकॉफचे मॅक्रोफेज शेवटी कामाला आलेच, याचा आनंद आहे.

दवबिंदू

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री हा पूर्ण धागा बाबांना वाचून दाखवला, डाव्या बाजूला बसून. त्यांनी मधेच थांबवून विचारलं, “म्हणजे त्या डॉक्टरांनी माझ्या पेशींच्या आधी ‘पुरे’ म्हटलं?” मी हो म्हटलं. मग म्हणाले, फाइल काढ.

फाइलमध्ये त्या रात्रीचा औषधांचा कागद आहे. नर्सच्या अक्षरात दोन ओळी: डेक्सामेथासोन १०:०५. सेफ्ट्रिॲक्सोन १०:२०. रात्रपाळी, हाच तो क्रम ना?

रात्रपाळी

हाच. काकांना नमस्कार सांगा.